दोन कार्यक्रमांमधला अर्धा तास : सामुदायिक सभागृह कशासाठी आणि कसे चालवावे

आपल्या प्रश्नातील परिस्थिती थोडक्यात अशी आहे. परिसराच्या सभागृहाची जबाबदारी नव्या कार्यकारिणीकडे आली आहे. शनिवार-रविवारी ते समारंभांना भाड्याने जाते आणि इतर दिवशी बहुतेक वेळ त्याला कुलूप असते. लोकांच्या आरोग्यासाठी आणि मनःस्वास्थ्यासाठी त्याचा उपयोग व्हावा अशी सर्वांचीच इच्छा आहे, पण काही सदस्यांना आरोग्य शिबिरे भरवायची आहेत, काहींना आधी भाडे वाढवून पैसा उभा करायचा आहे आणि पगारी व्यवस्थापक नेमावा की नाही यावर एकमत होत नाही. दोन दशकांहून अधिक काळ मी अशी सभागृहे चालवण्याच्या कामात आहे. त्या अनुभवातून जे पटले आहे ते सविस्तर लिहिते.

शिबिरे उपयोगी असतात. तरीही सुरुवात शिबिराने करू नका. शिबिराला आलेला माणूस रांगेत उभा राहतो, रक्तदाब मोजून घेतो, कागद घेऊन घरी जातो, आणि रांगेत आपल्या पुढे कोण होते हे त्याला संध्याकाळी आठवतही नाही. सभागृहाकडे दवाखान्यापेक्षा वेगळी अशी जी एकच ताकद आहे, ती म्हणजे त्याच माणसांना पुन्हा पुन्हा एकत्र आणण्याची, आणि आरोग्याच्या दृष्टीने ती किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अंमलात आलेल्या घटनेतच आरोग्याच्या व्याख्येत शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याबरोबर सामाजिक स्वास्थ्याचा समावेश आहे. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यासांतील ३ लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली, तेव्हा ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्याच २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर ६ पैकी १ व्यक्ती एकाकीपणाने ग्रस्त आहे. म्हणून कार्यकारिणीच्या पहिल्या बैठकीत ‘कोणता कार्यक्रम घ्यायचा’ यापेक्षा ‘इथे आलेल्या दोन माणसांची ओळख नेमकी कोणत्या क्षणी होते’ हा प्रश्न घ्या.

तो क्षण कुठे असतो हे मला एका चुकीतून कळले. पूर्वी मी ज्या सभागृहाचे काम पाहत असे तिथे दुपारी तीन वाजता ज्येष्ठांचा व्यायामवर्ग भरत असे. एक वयस्कर बाई नेहमी अडीचलाच येत. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्च्या त्या एकेक करून ओढत, गोलात मांडत, प्रत्येक खुर्चीची बैठक फडक्याने पुसत आणि मग दाराजवळच्या खुर्चीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारत. वर्गाच्या आधीच्या वेळेला मागणी वाढली तेव्हा आम्ही सलग बुकिंग देऊ लागलो, दारावर ‘वेळेआधी प्रवेश नाही’ अशी पाटी लावली आणि खुर्च्या मांडण्याचे काम कामगाराला दिले. तीन आठवड्यांनी त्या यायच्या थांबल्या. आमच्या ते लक्षात यायला आणखी दीड महिना गेला, कारण आम्ही फक्त डोकी मोजत होतो आणि दोन नवी माणसे आल्यामुळे आकडा घटला नव्हता. मी घरी भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “आता तिथं माझं काही काम उरलं नाही.” वर्ग तोच होता, शिक्षिकाही तीच होती. आम्ही काढून घेतला होता तो वर्गाआधीचा अर्धा तास.

पाटी त्याच दिवशी काढली. तेव्हापासून माझ्या देखरेखीखालील प्रत्येक सभागृहात दोन नियमित कार्यक्रमांच्या मध्ये ३० मिनिटे मोकळी ठेवण्याचा नियम आहे आणि तो बुकिंगच्या अर्जावरच छापलेला असतो. या अर्ध्या तासात आधीचे लोक रेंगाळतात, नंतरचे लवकर येतात, खुर्च्या उचलताना एकमेकांशी बोलतात. चित्रकलेच्या वर्गाला आलेल्या मुलाची आजी वाचनगटातल्या कुणाला तरी भेटते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले की नोकरीची खबर अनेकदा जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. परिसराच्या स्वास्थ्यालाही हेच लागू पडते. चांगला दंतवैद्य कुठे आहे, विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज कसा भरायचा, शेजारच्या इमारतीतील एकटे गृहस्थ चार दिवस दिसले नाहीत, ही माहिती अशा सैल ओळखींतूनच फिरते. या नियमाची किंमत आहे हे मी लपवत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत एकेका तासाचे तीन वर्ग बसतात तिथे मध्ये अर्धा तास सोडला की दोनच बसतात, आणि खजिनदारांना ते रुचत नाही. ती तूट कशी भरून काढावी याकडे पैशांच्या संदर्भात येते.

लंडनच्या पेकहॅम भागातील एका प्रयोगाचा मी वारंवार विचार करते. जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इनेस पीअर्स या दोन डॉक्टरांनी तिथे १९२६ साली एका लहान घरात आरोग्यकेंद्र सुरू केले आणि १९३५ साली त्यासाठी खास इमारत उभी केली. तिची रचना अभियंता ओवेन विल्यम्स यांची होती. मध्यभागी पोहण्याचा तलाव आणि ठिकठिकाणी काचेच्या भिंती असल्यामुळे एका दालनात काय चालले आहे ते दुसऱ्या दालनातून दिसे. कुटुंबामागे आठवड्याला १ शिलिंग वर्गणी होती आणि ठरावीक काळाने संपूर्ण कुटुंबाची तपासणी होई. बाकीचा वेळ लोक आपल्याला हवे ते करत. जाहिरातीचे काम नजरच करत असे, कारण आपल्याएवढीच बेताची हालचाल करणारी बाई पाण्यात उतरलेली पाहिली की काठावरच्या बाईलाही धीर येई. आपल्याकडे काचेच्या भिंती बांधण्याएवढा पैसा नसेल, पण नियमित कार्यक्रमाच्या वेळी मुख्य दार उघडे ठेवणे, रस्त्याकडच्या खिडक्यांचे जाड पडदे काढणे आणि दारातून डोकावणाऱ्यासाठी आत दोन रिकाम्या खुर्च्या ठेवणे एवढे करता येते. मी पाहिलेल्या नव्या येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी दोन-तीनदा नुसते दारात उभे राहून गेलेले असतात.

आता वेळापत्रकाकडे वळू. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत सभागृह उघडता येते असे धरले तर आठवड्याचे ९८ तास होतात. त्यांतील मागणीचे तास म्हणजे रोजची संध्याकाळ आणि आठवड्याअखेर. उरलेले बहुतेक तास आज वाया जातात, आणि एकट्या माणसांना सर्वांत जड जाणारे तास नेमके तेच असतात : दुपारचे दोन ते पाच. म्हणून माझा आग्रह असा की आठवड्यातील एक दुपार, शक्य झाल्यास दोन, ‘खुले दार’ म्हणून राखून ठेवा आणि त्या वेळी कितीही भाडे मिळत असले तरी जागा देऊ नका. वार आणि वेळ किमान एक वर्ष बदलू नका. महिन्यातील दुसरा आणि चौथा बुधवार अशी रचनाही टाळा. ज्याला सर्वांत जास्त गरज असते त्याच्या हातून तारखांचा हिशेब चुकतो आणि एकदा बंद दारावरून परतलेला माणूस दुसऱ्यांदा क्वचितच येतो. पहिल्या दोन महिन्यांत चार-पाचच जण येतील. त्या काळात उपक्रम गुंडाळण्याचा प्रस्ताव हमखास येतो, तेव्हा मुदत आधीच ठरावात लिहून ठेवलेली बरी.

खुल्या दुपारी काय करायचे हे कार्यकारिणीने खोलीत बसून ठरवू नये. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली शिकागोत हल हाउस हे केंद्र सुरू केले तेव्हा त्यांच्या मनात साहित्य आणि कला होती. शेजारच्या कष्टकरी आयांना मात्र कामावर जाताना मुले ठेवायला जागा हवी होती, आणि लवकरच तिथे बालवर्ग सुरू झाला. आपणही आधी विचारा. प्रश्नावली वाटू नका, कारण ती भरणारे लोक सहसा सभागृहात येणारेच असतात. दोन-दोन जणांनी मिळून घरोघरी जावे आणि एवढेच विचारावे : तुम्हाला काय येते, आणि दिवसातला कोणता वेळ जात नाही? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांतून उपक्रम मिळतात आणि दुसऱ्यातून वेळापत्रक.

उपक्रमाला नाव देताना काळजी घ्या. ‘एकाकी ज्येष्ठांसाठी आधारगट’ असा फलक लावला तर त्या दारातून आत जाणे म्हणजे आपण एकाकी आहोत अशी कबुली देणे ठरते, आणि ती कुणाला नको असते. हातांना काम असेल तर बोलणे आपोआप सुरू होते. विशेषतः पुरुषांच्या बाबतीत हे मी फार वेळा पाहिले आहे. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या आणि नंतर इतर देशांत पसरलेल्या पुरुषांच्या सामुदायिक कार्यशाळा याच समजुतीवर उभ्या आहेत : माणसे समोरासमोर बसून जे सांगत नाहीत ते शेजारी उभे राहून लाकूड घासताना सांगतात. मार्टिन पोस्टमा यांनी २००९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुरू केलेले दुरुस्ती मेळावे तर सभागृहासाठी फारच सोयीचे आहेत, कारण त्यांना चार टेबले, काही हत्यारे आणि विजेची सुरक्षित जोडणी एवढेच लागते. निवृत्त तंत्रज्ञ बंद पडलेला पंखा उघडतो, मालक शेजारी बसून पाहतो, आणि तासाभरात दोघांची ओळख झालेली असते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती आणि त्यांना सांभाळणारे यांच्यासाठी नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ बेरे मीसेन यांनी १९९७ साली सुरू केलेल्या अनौपचारिक भेटींचा नमुनाही अभ्यासण्याजोगा आहे; त्यात सांभाळणाऱ्याला वेगळे बसवत नाहीत, दोघेही एकत्र येतात. व्यायामाबाबत एकच सांगते. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल सांभाळण्याचे आणि शक्तीचे व्यायाम करावेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, त्यामुळे आठवड्याला एक वर्ग ठेवून थांबू नका. तीन छोटे वर्ग ठेवा.

यापैकी काहीही दारावर माणूस असल्याशिवाय चालत नाही. मी त्याला यजमान म्हणते. हा वक्ता नको, शिक्षक नको, कार्यकारिणीतील ज्येष्ठ पदाधिकारी तर नकोच, कारण त्यांच्यापुढे लोक तक्रारी मांडू लागतात. यजमानाचे काम तीन गोष्टींचे आहे : येणाऱ्याचे नाव लक्षात ठेवणे, नव्या माणसाला दहा मिनिटांच्या आत कुणाशी तरी जोडून देणे, आणि त्याच्या हातात एखादे छोटे काम देणे. माझ्याकडे साधी शंभर पानी वही असते. डावीकडे नाव आणि उजवीकडे एखादी ओळ : ‘डाव्या कानाने कमी ऐकू येते’, ‘शिवणयंत्र दुरुस्त करतात’, ‘मुलगी परीक्षेला बसली आहे’. पुढच्या आठवड्यात त्या परीक्षेबद्दल विचारले की माणूस ओळखला गेल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसतो. अशा वहीत आजारांची नावे, कौटुंबिक भांडणे किंवा पैशांच्या अडचणी लिहू नयेत आणि ती कुलपात राहावी. एका यजमानावर सगळा भार टाकू नका. निदान तिघे आळीपाळीने असावेत, म्हणजे एक थकला तरी दार उघडते.

इमारतीबाबत लोक रंगरंगोटीपासून सुरुवात करतात, आणि मला ते चूक वाटते. आधी छप्पर, मग स्वच्छतागृह, मग प्रवेश, मग आवाज हा माझा क्रम आहे. स्वच्छतागृह जवळ, कोरडे, उजेडाचे आणि आधाराला दांडी असलेले नसेल तर अनेक ज्येष्ठ आणि गरोदर स्त्रिया येणारच नाहीत, आणि न येण्याचे कारण कधी सांगणारही नाहीत. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा चढे नसावे. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. दाराशी फळी टेकवून भागवलेला उतार धोक्याचा असतो. आवाजाकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या मोठ्या दालनात आवाज घुमतो, कमी ऐकू येणाऱ्याला शब्द वेगळे करता येत नाहीत, आणि तो दोन आठवडे मान डोलावून तिसऱ्या आठवड्यात येणे सोडतो. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, मागच्या भिंतीवर जाड कापड किंवा ध्वनिशोषक फलक आणि मोठ्या सभेऐवजी आठ-दहा जणांचे गोल, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. हवा खेळती ठेवा, बाहेर जाण्याचे मार्ग मोकळे ठेवा, प्रथमोपचार पेटी कुठे आहे हे यजमानाला अंधारातही सांगता यावे.

पैशांचे गणित मांडण्यापूर्वी एक आकडा काढा : वर्षभराचा एकूण खर्च भागिले प्रत्यक्ष वापरलेले तास. एका तासाला सभागृह चालवायला काय लागते हे कार्यकारिणीला कळले की भाड्याच्या चर्चेतील निम्मा आवाज खाली येतो. मग तीन दर ठेवा. खासगी समारंभांना खर्चाच्या बराच वर, शुल्क घेणाऱ्या वर्गांना खर्चाएवढा, आणि परिसरातील विनाशुल्क उपक्रमांना नाममात्र. पूर्ण मोफत देऊ नका, कारण फुकट घेतलेले बुकिंग लोक न कळवता सोडून देतात. त्याचबरोबर, सवलतीने माफ केलेले भाडे दरवर्षी हिशेबात वेगळ्या ओळीत दाखवा. परिसरासाठी सभागृहाने किती योगदान दिले हे देणगीदारांना दाखवायला त्यापेक्षा चांगला पुरावा नाही. मधल्या अर्ध्या तासाची तूट याच पहिल्या दरातून भरून निघते, आणि म्हणून भाडे वाढवावे असे म्हणणारे आपले सदस्य समारंभांपुरते बरोबरच आहेत. कोणत्याही एका स्रोतावर निम्म्याहून अधिक भार पडू देऊ नका. वर्षाचे उत्पन्न १०० धरले तर समारंभ ४५, नियमित वर्ग ३० आणि वर्गणी, देणग्या व अनुदाने मिळून २५ अशी वाटणी मला सुरक्षित वाटते. पेकहॅमचे केंद्र युद्धानंतर पुन्हा उघडले होते, तरी १९५० साली पैशाची सोय न झाल्याने कायमचे बंद पडले, हे विसरू नये. तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी वेगळ्या खात्यात ठेवा आणि छपराचा निधी त्यात मिसळू नका.

भांडणे होतील. ती बहुतेक तीन गोष्टींवरून होतात : किल्ली कुणाकडे, आवाज किती वाजेपर्यंत, आणि राजकीय किंवा धार्मिक कार्यक्रमाला जागा द्यायची का. या तिन्हींचे नियम पहिली मागणी येण्यापूर्वी लिहून काढा, कारण समोर अर्जदार उभा असताना केलेला नियम त्याच्या विरोधात केला असेच दिसते. सामाईक साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरातील पाटबंधारे, कुरणे आणि मासेमारीची क्षेत्रे पाहून दाखवले होते की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, नजर स्वतः ठेवली आणि शिक्षा सौम्यापासून चढत गेली तिथे सामाईक गोष्टी दीर्घकाळ टिकतात. सभागृहाला हे जसेच्या तसे लागू आहे. वापरणाऱ्या गटांचे प्रतिनिधी कार्यकारिणीत घ्या, उशिरा जागा सोडणाऱ्याला आधी समज, मग अनामत रकमेतून कपात आणि शेवटी बंदी असा क्रम ठेवा, आणि किल्ल्या किमान तीन घरांत वाटा. एकाच्याच खिशात किल्ली असली की सभागृह हळूहळू त्याचेच होते, माणूस कितीही सज्जन असला तरी.

मर्यादांबद्दल स्पष्ट राहा. यजमानाने ऐकावे, सल्ला देऊ नये; उपचार तर नाहीच. जीव संपवण्याची भाषा, घरातील मारहाण किंवा मुलांवरील अत्याचार कानावर आला तर काय करायचे, कुणाला कळवायचे, हे एका पानावर लिहून प्रत्येक स्वयंसेवकाला समजावून द्या आणि वर्षातून एकदा त्याची उजळणी घ्या. मुलांच्या कोणत्याही उपक्रमात दोन प्रौढ असलेच पाहिजेत, आणि दार बंद नसावे. आरोग्य शिबिरे याच टप्प्यावर उपयोगी पडतात. सहा महिने खुले दार चालल्यावर शिबिर घेतले तर आलेल्या माणसाला नावाने ओळखणारे कुणीतरी असते, आणि अहवालात काही निघाले तर पुढच्या आठवड्यात ‘डॉक्टरांकडे जाऊन आलात का’ असे विचारणारेही असते.

संकटाच्या वेळी या ओळखींचे मोल कळते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली तेव्हा नेहमीच्या तुलनेत ७३९ मृत्यू अधिक झाले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी वस्त्यांची तुलना केली, तेव्हा गरिबी सारखी असूनही ज्या वस्तीत रस्ते, दुकाने आणि एकत्र येण्याच्या जागा गजबजलेल्या होत्या तिथे जीवितहानी कमी आढळली. सभागृहात थंड पाणी आणि पंखे असणे पुरेसे नाही. तिथे जायला दुपारी तीन वाजता लाज वाटू नये एवढी त्या जागेची सवय आधीपासून असावी लागते.

यश मोजताना उपस्थितीचा आकडा दुय्यम ठेवा. मी तीन गोष्टी पाहते : नव्याने आलेल्यांपैकी तिसऱ्यांदा किती आले, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला किती जण थांबले, आणि सलग दोन आठवडे न आलेल्यांपैकी किती जणांची आपण चौकशी केली. तिसरा आकडा शंभर टक्के असलाच पाहिजे. मी दीड महिना लावला होता, त्यामुळे हे मी आग्रहाने सांगते.

राहिला व्यवस्थापकाचा प्रश्न. पहिल्या वर्षी नेमू नका. आठवड्यातील बुकिंग ४० तासांच्या वर जाईपर्यंत झाडलोट आणि देखभाल यांसाठी पगारी माणूस पुरतो. त्याला मात्र वेळेवर आणि योग्य पगार द्या, स्वयंसेवेच्या नावाखाली त्याच्याकडून जादा काम घेऊ नका. त्यानंतर व्यवस्थापक नेमाल तेव्हा हिशेब जाणणाऱ्यापेक्षा नावे लक्षात राहणाऱ्याला प्राधान्य द्या, कारण हिशेब शिकवता येतो. पुढच्या बैठकीसाठी तीनच ठराव पुरेत : खुल्या दुपारचा वार, तीन यजमानांची नावे आणि अर्जावर छापायचा अर्ध्या तासाचा नियम. पहिल्या दुपारी खुर्च्या आधी मांडून ठेवू नका, येणाऱ्यांबरोबर मांडा.